हळदीचा डाग काय सांगतो

पांढऱ्या शर्टावर वरणाचा थेंब सांडला की आपण आधी पाणी मारतो. डाग हलत नाही. मग साबण चोळतो आणि पिवळा डाग बघता बघता लालसर तपकिरी होतो. पहिल्यांदा पाहणाऱ्याला वाटतं, शर्ट गेला कामातून. पण तोच शर्ट धुऊन, पिळून कडक उन्हात दोरीवर टाकला की संध्याकाळपर्यंत डाग फिका पडतो आणि एक-दोन उन्हं खाल्ली की शोधूनही सापडत नाही.

त्वचेसाठी हळद कशी वापरायची, याची निम्मी उत्तरं या डागात आहेत. पाण्याला दाद न देणं, साबणाने लाल होणं आणि उन्हात उडून जाणं, हे हळदीचे तीन स्वभाव. ते ओळखून हळद लावली तर ती उपयोगी पडते. न ओळखता थापली तर बहुतेक वेळा वाया जाते आणि कधीकधी बाधते.

बाधते हे मी डोळ्यांनी पाहिलं आहे. माझ्या मावसबहिणीच्या लग्नात हळदीच्या दिवशी बाजारातून तयार उटण्याचं पाकीट आणलं होतं. रंग झगझगीत पिवळा. कोणीतरी सुचवलं म्हणून त्यात लिंबू पिळलं, दुसऱ्या कोणी खायचा सोडा टाकला आणि भर दुपारी अंगणातल्या मांडवात तासभर तो लेप तिच्या तोंडावर राहिला. दुसऱ्या दिवशी सकाळी डोळ्यांखाली सूज, गालांवर लालभडक चट्टे आणि सहन होणार नाही अशी खाज. त्वचेच्या डॉक्टरांनी पाकीट मागवून घेतलं. त्यावर घटकांची यादीच नव्हती. लग्नाच्या फोटोंत ती हसते आहे, पण गालांवर मलमाचा थर आहे हे आम्हाला माहीत आहे. मावशी मात्र आजही म्हणते, "हळद कधी कुणाला बाधते का गं?" तिच्या या प्रश्नाचं नीट उत्तर द्यावं, म्हणून हा लेख.

हळकुंडाच्या पोटात

हळद हे आल्याच्या कुळातलं पीक. आपण वापरतो तो भाग मुळासारखा दिसत असला तरी असतो खोड, जमिनीखाली आडवं वाढणारं. अक्षय्य तृतीयेच्या सुमारास बेणं लावायचं, आठ-नऊ महिने वाट बघायची आणि पाला वाळला की काढणी. मधला मोठा तो गड्डा आणि त्याला फुटलेली बोटं ती हळकुंडं. ज्याला आणखी छोटी बोटं फुटलेली असतात ते लेकुरवाळं हळकुंड, लग्नकार्यात मुद्दाम शोधून आणतात ते. ओली हळद शिजवतात, दहा-पंधरा दिवस उन्हात वाळवतात, मग पिंपात फिरवून पॉलिश करतात. शिजवल्यामुळे आतला रंग सगळीकडे सारखा पसरतो आणि हळद लवकर वाळते.

महाराष्ट्राला हळदीचं वेगळं कौतुक सांगायची गरज नाही. सांगलीच्या हळदीला २०१८ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं, वर्धा जिल्ह्यातल्या वायगावच्या हळदीला त्याच्याही आधी, २०१६ मध्ये, आणि हिंगोली जिल्ह्यातल्या वसमतच्या हळदीला २०२४ मध्ये. सांगलीजवळच्या हरिपूरला जमिनीत खोल पेवं खणून त्यांत हळद साठवायची पद्धत होती. २००५ च्या महापुराचं पाणी त्या पेवांत शिरलं आणि मोठं नुकसान झालं.

आता हळकुंड फोडून बघू. त्यात सगळ्यात जास्त असतो तो स्टार्च, म्हणजे पिठूळ भाग. थोडं सुगंधी तेल असतं, हळदीचा वास त्याचा. आणि रंग देणारी तीन सख्खी भावंडं असतात, त्यांतलं थोरलं म्हणजे कर्क्युमिन. हळदीच्या गुणांबद्दल जे काही छापून येतं, त्यातलं बहुतेक या कर्क्युमिनबद्दल असतं. १८१५ मध्ये ते पहिल्यांदा हळदीतून वेगळं काढलं गेलं आणि १९१० मध्ये त्याची रचना उलगडली.

पण ते असतं किती? साधारण हळदीत वजनाच्या दोन ते पाच टक्के. म्हणजे शंभर ग्रॅमच्या पुडीत जेमतेम दोन ते पाच ग्रॅम. आपण चिमूटभर हळद घेतो तेव्हा त्यात कर्क्युमिन काही मिलिग्रॅमच येतं. हा आकडा लक्षात असू द्या. कारण प्रयोगशाळेत शुद्ध कर्क्युमिनवर जे सिद्ध होतं ते आपल्या उटण्यातल्या चिमटीला जसंच्या तसं लागू पडत नाही आणि जाहिराती नेमकं हेच अंतर पुसून टाकतात.

पाणी, सोडा आणि ऊन

कर्क्युमिन पाण्यात विरघळत नाही. पाण्यात हळद टाकून ढवळली तर पाणी पिवळं दिसतं, पण काही वेळाने हळद तळाशी बसते. तेच गरम तेलात टाका, फोडणी सगळी सोनेरी होते. हळदीचं तेलाशी जमतं.

आपल्या त्वचेचा सगळ्यात वरचा थर विटांच्या भिंतीसारखा असतो. मेलेल्या, चपट्या पेशी या विटा आणि त्यांच्या मधे भरलेला चुना म्हणजे स्निग्ध पदार्थ. पाणी आत झिरपू नये आणि आतलं पाणी बाहेर उडून जाऊ नये, म्हणून निसर्गाने केलेली ही सोय. साहजिकच जे तेलात मिसळतं ते या भिंतीत शिरतं आणि जे नुसतं पाण्यातच मिसळतं ते वरच राहतं. आजी सहाणेवर हळकुंड उगाळायची तेव्हा पाण्याचे दोन थेंब टाकून सुरुवात करायची आणि मग वाटीतली साय बोटाने त्यात कालवायची. सहाणेवरचा तो खरखर आवाज, आधी पातळ पिवळं पाणी आणि साय पडल्यावर एकदम गडद केशरी होणारा लेप. रंग गडद होतो कारण सायीतल्या स्निग्धात कर्क्युमिन विरघळू लागतं. आजीला कर्क्युमिनचं नाव माहीत नव्हतं, पण तिच्या हाताला ते कळलेलं होतं. नुसत्या पाण्यात किंवा गुलाबपाण्यात कालवलेल्या हळदीपेक्षा साय, दूध किंवा तेलात कालवलेली हळद जास्त कामाची, ती यामुळे.

मात्र भिंतीत शिरलेली हळद भिंतीतच अडकते. तेलाशी इतकं सख्य असल्यामुळे कर्क्युमिन त्या स्निग्ध चुन्यात रमतं आणि खाली, जिवंत पेशींच्या थरात, फारच थोडं उतरतं. चेहऱ्यावर एक-दोन दिवस राहणारा पिवळेपणा हा त्याचा पुरावा. वरच्या पेशी झडत जातात तसा तो रंगही जातो. म्हणून हळदीकडून वरच्या थरात जे होऊ शकतं त्याची अपेक्षा ठेवावी. खोलवरचे वांग किंवा मुरलेले डाग ती उपटून काढेल, ही आशा ठेवू नये.

दुसरा स्वभाव साबणाने लाल होण्याचा. हळद आम्लात पिवळी राहते आणि अल्कलीत लाल होते. शाळेत हळदीच्या कागदावर साबणाचं पाणी टाकून हा प्रयोग आपण सगळ्यांनी केला आहे. पारंपरिक कुंकू याच गुणावर बनतं: हळदीला चुना किंवा टाकणखार लावला की तीच हळद लाल होते. (हल्लीच्या बऱ्याच कुंकवांत कृत्रिम रंग असतात, कपाळावर काळा डाग पडायचं ते एक कारण आहे.) पण रंग बदलतो तेव्हा नुसता रंग बदलत नाही, कर्क्युमिन मोडू लागतं. आम्लाच्या बाजूला ते टिकून राहतं. पण शरीराइतक्या उबेच्या आणि जेमतेम अल्कलीच्या बाजूला झुकलेल्या द्रावणातसुद्धा ते अर्ध्या तासात जवळजवळ नव्वद टक्के नष्ट होतं, असं प्रयोगात दिसलं आहे. निरोगी त्वचा किंचित आम्ल असते, त्यामुळे तिच्यावर हळद तग धरते. लेपात खायचा सोडा मिसळला की आपण आपल्या हाताने हळद मारतो आणि त्वचेचं नैसर्गिक आम्लही घालवतो. माझ्या बहिणीच्या लेपात नेमकं हेच झालं होतं.

तिसरा स्वभाव ऊन. दोरीवरच्या शर्टावरचा डाग उडतो कारण प्रकाशात कर्क्युमिनचे तुकडे होतात. घरासाठी याचा अर्थ सरळ आहे. हळद काचेच्या पारदर्शक बरणीत खिडकीशी ठेवू नका, डब्यात ठेवा, आणि लेप लावायचा तर संध्याकाळी लावा. लिंबू पिळलेला लेप लावून उन्हात बसणं तर फारच वाईट, कारण लिंबाच्या रसातली काही द्रव्यं उन्हाच्या साथीने त्वचा भाजल्यासारखी करतात आणि मागे काळपट चट्टे सोडतात. हळद लावून उन्हात बसल्याने चेहरा काळवंडला, अशी तक्रार ऐकली की मी आधी विचारते, लिंबू होतं का?

मग उपयोग होतो की नाही?

इथे मला जरा थांबून बोलायचं आहे, कारण या प्रश्नावर दोन्ही बाजूंनी फार घाई होते.

त्वचेला इजा झाली, जंतू शिरले, मुरूम फुगला की पेशींमध्ये दवंडी पिटली जाते. ती पिटणाऱ्या प्रथिनांच्या एका गटाचं नाव एनएफ-कप्पा-बी. दवंडी ऐकून रक्तपुरवठा वाढतो, सूज येते, लाली येते, दुखतं. ही दवंडी गरजेची आहे, पण ती थांबलीच नाही तर त्वचेचंच नुकसान होतं. काचेच्या बशीत वाढवलेल्या पेशींवर कर्क्युमिन टाकलं की ही दवंडी मंदावते. शिवाय पेशींना गंजवणाऱ्या आक्रमक रेणूंना ते निकामी करतं आणि काही जंतूंची वाढ रोखतं. हे शेकडो प्रयोगांत दिसलेलं आहे.

अडचण बशीतून माणसापर्यंत येताना येते. २०१७ मध्ये औषधी रसायनशास्त्रातल्या संशोधकांनी कर्क्युमिनवरच्या अभ्यासांचा कठोर आढावा घेतला. त्यांचं म्हणणं असं की हा रेणू अस्थिर आहे, शरीरात फार थोडा शोषला जातो आणि प्रयोगातल्या चाचण्यांनाच फसवतो: स्वतः चमकतो, इतर प्रथिनांना सरसकट चिकटतो आणि त्यामुळे प्रत्येक चाचणीत काहीतरी परिणाम झाल्यासारखा दिसतो. हे वाचून मला सुरुवातीला वाईट वाटलं होतं, पण त्यांचं म्हणणं खरं आहे आणि ते ऐकलं पाहिजे.

माणसांवर काय दिसलं? २०१६ मध्ये त्वचेवरच्या हळदीच्या अभ्यासांचा एकत्रित आढावा प्रसिद्ध झाला. निकषात बसणारे अभ्यास अठराच निघाले, काही खाण्याच्या हळदीचे, काही लावण्याच्या. त्यांतल्या दहांमध्ये रुग्णांच्या त्वचेत ठळक सुधारणा दिसली. अठरातले दहा म्हणजे आशेला जागा आहे, पण खात्री देता येत नाही. शिवाय त्यांतले बरेच अभ्यास लहान होते.

लहान अभ्यासाने आशा का लावू नये, हे एका उदाहरणाने फार स्वच्छ कळतं. स्तनाच्या कर्करोगावर किरणोपचार घेताना त्वचा भाजून सोलवटते. अमेरिकेत २०१३ मध्ये ३० रुग्णांच्या अभ्यासात रोज सहा ग्रॅम कर्क्युमिन पोटातून घेतलेल्या बायकांची त्वचा कमी सोलवटली. सगळीकडे बातमी झाली. मग त्याच गटाने ६८६ रुग्णांवर तोच प्रयोग केला आणि २०१८ मध्ये निकाल आला: काही फरक नाही. पहिली बातमी आजही फिरते आहे, दुसरी फार थोड्यांना माहीत आहे. सोरायसिसचंही तसंच. २००८ मध्ये बारा रुग्णांना रोज साडेचार ग्रॅम कर्क्युमिन दिलं, चांगला गुण आला तो दोघांना.

लावण्याच्या हळदीची बाजू मला थोडी जास्त आश्वासक वाटते. मंगळूरमध्ये २०१४ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात डोक्या-मानेच्या कर्करोगावर किरणोपचार घेणाऱ्या ५० रुग्णांपैकी निम्म्यांना हळद आणि चंदनतेलाचं क्रीम दिलं, निम्म्यांना बेबी ऑइल. क्रीमवाल्यांची त्वचा कमी भाजली. हाही लहानच अभ्यास आहे, आणि त्यात हळदीसोबत चंदनही आहे, तरी तुलना समोरासमोर होती. तमिळनाडूत १९९२ मध्ये खरजेच्या ८१४ रुग्णांना कडुनिंब आणि हळदीचा लेप लावला होता आणि तीन ते पंधरा दिवसांत ९७ टक्के बरे झाल्याची नोंद आहे. आकडा मोठा आहे, पण तुलनेला दुसरा गट नव्हता आणि श्रेय कडुनिंबाचं किती, हळदीचं किती, ते त्यातून कळत नाही.

या सगळ्यावरून माझं मत असं बनलं आहे: सौम्य दाह, तेलकट त्वचा, अधूनमधून येणारे बारीक मुरूम यांत लावलेल्या हळदीचा हलका आधार मिळू शकतो. सोरायसिस, इसब, खरूज, मोठे गाठीसारखे मुरूम, पसरणारे पांढरे किंवा काळे डाग यांना डॉक्टरच हवा. खरजेवर तर आज स्वस्त आणि खात्रीचं मलम सरकारी दवाखान्यात मिळतं. ते सोडून लेप लावत बसणं म्हणजे घरभर खरूज वाटणं.

पेटंट जिंकलं म्हणजे काय जिंकलं

हळदीचं बोलणं निघालं की कुणीतरी म्हणतं, अमेरिकेनेसुद्धा मान्य केलं, पेटंटची केस आपण जिंकली ना! या घटनेचा मला अभिमान आहे, म्हणूनच ती नीट सांगावीशी वाटते.

१९९५ च्या मार्चमध्ये मिसिसिपी विद्यापीठाच्या वैद्यकीय केंद्रातल्या दोन मूळ भारतीय संशोधकांना जखम भरण्यासाठी हळद वापरण्याचं अमेरिकन पेटंट मिळालं. आपल्या वैज्ञानिक आणि औद्योगिक संशोधन परिषदेचे महासंचालक तेव्हा रघुनाथ माशेलकर होते, गोव्यातल्या माशेल गावचे. परिषदेने १९९६ मध्ये या पेटंटला आव्हान दिलं. पुरावे म्हणून ३२ संदर्भ जमवले, त्यांत जुने ग्रंथ होते आणि भारतीय वैद्यकीय संघटनेच्या नियतकालिकातला १९५३ चा एक लेखही. ऑगस्ट १९९७ मध्ये पेटंट रद्द झालं. लोक त्याला हळदीघाटीची लढाई म्हणू लागले. पुढे २००१ मध्ये पारंपरिक ज्ञानाचं डिजिटल ग्रंथालय उभं राहिलं, त्यामागे हा अनुभव होता.

पण पेटंट रद्द का झालं, हे बघा. पेटंट नव्या गोष्टीला मिळतं आणि हळदीने जखम भरण्याची रीत नवी नव्हती. आपण सिद्ध केलं ते एवढंच की हे आम्हाला आधीपासून ठाऊक होतं. हळदीने जखम किती लवकर भरते, कोणती जखम भरते, यावर त्या खटल्यात निकाल लागलेला नाही. ज्ञानाची मालकी आणि ज्ञानाची पारख या दोन वेगळ्या गोष्टी. मालकीची लढाई आपण जिंकलो, पारखीचं काम अजून चालू आहे.

त्या जुन्या ग्रंथांत हळदीला हरिद्रा, निशा, रजनी, कांचनी अशी नावं आहेत. चरकसंहितेत ती कुष्ठघ्न गणात येते. तिथे कुष्ठ म्हणजे नुसता महारोग समजू नये, त्वचेच्या अनेक विकारांना तो शब्द आहे. आणखी एक नाव आहे, वरवर्णिनी, म्हणजे उत्तम वर्णाची. यावरून मला पुढचा मुद्दा सुचतो.

हळद आणि गोरेपणा

हळदीने माणूस गोरा होत नाही. हे स्पष्ट लिहायलाच हवं, कारण लग्न ठरलेल्या मुलींना "आठ दिवस हळद लाव, उजळशील" असं आजही सांगितलं जातं आणि त्या सांगण्यात त्यांच्या रंगाबद्दलचा टोमणा लपलेला असतो. त्वचेचा रंग मेलॅनिनमुळे असतो. ते खालच्या थरात तयार होतं, आईवडिलांकडून आलेल्या जनुकांप्रमाणे, आणि उन्हापासून आपलं रक्षण करतं. चिमूटभर हळद तिथपर्यंत पोचतच नाही, हे वर पाहिलं. मग उटणं लावल्यावर तुकतुकी येते ती कशाने? डाळीचं पीठ त्वचेवरचं तेल आणि मळ ओढून घेतं, चोळल्याने वरच्या मेलेल्या पेशी निघतात, साय ओलावा देते आणि हळदीची पिवळी छटा वर राहते. वरवर्णिनीचा अर्थ मी उत्तम कांती असाच घेते. सावळ्या त्वचेलाही सुंदर कांती असते.

लावायची कशी

दोन मोठे चमचे डाळीचं पीठ, त्यात पाव लहान चमचा हळद, एवढं प्रमाण पुरतं. जास्त हळद घातली तर फक्त पिवळेपणा वाढतो. कोरड्या त्वचेला साय किंवा चमचाभर तिळाचं तेल, तेलकट त्वचेला दूध किंवा ताजं दही. लिंबू नको, सोडा नको. दहा-पंधरा मिनिटं ठेवा आणि पूर्ण कडकडीत वाळायच्या आधी कोमट पाण्याने काढा. वाळलेलं उटणं खरवडून काढलं की त्वचेवर बारीक ओरखडे उठतात, आग होते आणि दोष हळदीला जातो. आठवड्यातून एकदा-दोनदा बस्स. पिवळेपणा राहिला तर साबण घासू नका, बोटावर थोडं खोबरेल घेऊन हलक्या हाताने फिरवा आणि मऊ कापडाने टिपून घ्या. हळद तेलाचं ऐकते.

आणि पहिल्यांदा लावताना आधी ठिपका. कोपराच्या आतल्या बाजूला रुपयाएवढा ठिपका लावा, पंधरा मिनिटांनी धुवा आणि दोन दिवस वाट बघा. हळदीची ॲलर्जी असते, कमी जणांना असते, पण असते. ती लगेच दिसत नाही, एक-दोन दिवसांनी खाज, पुरळ, लाली अशी उमटते. हळद खाल्लेली चालते आणि लावलेली चालत नाही, असंही होतं. मावशीच्या प्रश्नाचं हे उत्तर आहे: हो, काहींना बाधते.

भेसळीचं संकट याहून मोठं आहे. हळद जितकी झगझगीत तितकी चांगली, या आपल्या समजुतीवरच भेसळ जगते. भुकटीत मेटॅनिल यलोसारखे कृत्रिम रंग मिसळतात आणि हळकुंडांना चकाकी यावी म्हणून लेड क्रोमेट लावतात, म्हणजे शिसं असलेला पिवळा रंग. बांगलादेशात ही खोड १९८० च्या दशकात पुरात भिजून काळवंडलेली हळद खपवण्यासाठी लागली. २०१९ मध्ये तिथल्या बाजारातल्या ४७ टक्के नमुन्यांत ते सापडलं. मग सरकारने बाजारात छापे घातले, दंड केले, पत्रकं लावली आणि २०२१ पर्यंत ते प्रमाण शून्यावर आलं. ठरवलं तर होतं. आपल्याकडेही बिहारमधल्या पाटण्याच्या हळदीत असं शिसं सापडलेलं आहे. शिसं त्वचेतून फारसं आत जात नाही, पण लेप लावलेलं बाळ हात तोंडात घालतं आणि मुलांच्या मेंदूला शिशाचा अंशही वाईट.

घरी बघायचं तर ग्लासभर पाण्यात चमचाभर हळद टाकून ढवळू नका, तशीच ठेवा. चांगली हळद तळाशी बसते आणि पाणी फिकट पिवळं राहतं, भेसळीची हळद पाणी गडद पिवळं करते. अख्खं हळकुंड पाण्यात टाकलं तर त्याने भराभर रंग सोडायला नको. चांगल्या हळकुंडाची साल मातकट पिवळी असते, खरा रंग आत असतो. फोडल्यावर आत गडद केशरी आणि बाहेर साधं दिसणारं हळकुंड घ्या, धुऊन पुसून वाळवा आणि दळून आणा किंवा उगाळा.

कुठे लावायची नाही, तेही सांगते. भाजलेल्या जागेवर हळद नको. भाजल्यावर नळाच्या वाहत्या पाण्याखाली वीस मिनिटं धरा आणि दवाखाना गाठा. हळद फासलेली असली की भाजणं किती खोल आहे ते डॉक्टरांना दिसत नाही. खोल किंवा मातीने माखलेल्या जखमेत नको, तिथे पाणी, साबण आणि धनुर्वाताचं इंजेक्शन हवं. भाजी चिरताना बोटाला जरासं लागलं आणि चिमूट दाबून धरली तर त्यातलं निम्मं काम दाबण्याचं असतं. डब्यातली हळद निर्जंतुक नसते हे विसरू नये. आणि नवजात बाळाच्या नाळेला तर हळद लावूच नये, नाळ कोरडी आणि स्वच्छ ठेवायची.

पोटातून घ्यायच्या कॅप्सूलबद्दल थोडक्यात. मिऱ्यातल्या पिपरीनमुळे कर्क्युमिन वीस पटीने जास्त शोषलं जातं, हे १९९८ मध्ये बंगळुरूच्या संशोधकांनी दाखवलं आणि तेव्हापासून दोन्ही एकत्र असलेल्या गोळ्या निघाल्या. स्वयंपाकातली हळद निर्धास्त खा. गोळ्यांची गोष्ट वेगळी, कारण जे जास्त शोषलं जातं ते यकृतालाही जास्त पोचतं. इटलीत २०१९ मध्ये हळदीच्या गोळ्या घेणाऱ्यांमध्ये यकृताला सूज आल्याची प्रकरणं पुढे आली, २०२३ मध्ये ऑस्ट्रेलियाच्या औषध नियंत्रकांनीही इशारा दिला. रक्त पातळ करणारं औषध चालू असेल, पित्ताशयात खडे असतील, तर चेहऱ्याच्या तकाकीसाठी या गोळ्या घेऊ नका.

गेल्या वर्षी धाकट्या मावसबहिणीचं लग्न होतं. हळदीच्या तीन दिवस आधी मावशीने स्वतः हळकुंड फोडून आत बघितलं, सहाणेवर उगाळलं, साय कालवली आणि लेकीच्या कोपराच्या आत एक ठिपका लावला. "आधी दोन दिवस बघू," म्हणाली. दोन दिवसांनी तिथे ना खाज होती ना लाली, नुसती पुसट पिवळी टिकली उरली होती. मग संध्याकाळी, ऊन उतरल्यावर, पाच सवाष्णींनी आंब्याच्या पानांनी तिला हळद लावली.